डावीकडची

३ मार्च

प्रिय ताई,

आधी 'साष्टांग नमस्कार' असं लिहिलं होतं, पण तू हसशील म्हणून खोडलं. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर 'हं' म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

बाबांची गाडी उघडली! म्हणजे मीच उघडली, आमचे हे नुसते टॉर्च धरून उभे होते. सीटा काढल्या, गालिचा काढला, त्याखालची जाड डांबरी शीट तुकड्या-तुकड्यांनी सुटली आणि खाली बघते तर काय, सगळा पत्रा तांबडा! हात फिरवला तर तळव्याला पूड. ड्रायव्हरच्या पायाशी तर इतका खरखरीत झालाय की त्यावर नारळ किसावा. भोकं मात्र नाहीत अजून, खालून टॉर्च मारून बघितलं.

आता खरा प्रश्न. नवा गालिचा घालायच्या आधी या पत्र्याला काय मारायचं? रंगवाल्याने काउंटरवर तीन डबे मांडले. एक इपॉक्सी प्रायमर, दोन डबे एकत्र कालवून लावायचा. एक रबरासारखा जाड काळा थर. आणि एक साधं डांबरी काळं, गच्चीच्या भेगांना फासतात तसलं. तो म्हणतो, गंज घासून पत्रा आधी लख्ख करा, मग प्रायमर, मग रबर. आमचे हे म्हणतात, तो दुकानदार आहे, तीनही डबे गळ्यात मारणारच. मी म्हटलं, दोघंही गप्प बसा. माझी ताई रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंडी पट्ट्या रंगवून मिठाच्या पाण्यात गंजवत बसली होती. ती सांगेल ते.

सीटांची कव्हरं मीच शिवतेय. दुकानातल्या पोरी हसतात, बाई आता ब्लाऊज सोडून मोटारीची मापं घ्यायला लागल्या म्हणून. हसू देत.

लवकर सांग. आणि जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
चिमी

१२ मार्च

चिमे,

पत्र मिळालं. अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे.

गंज घासू नकोस. जुन्या गाडीत वरचा गंज हाच पत्र्याचा कोट असतो, तो खरवडलास तर पत्रा उघडा पडेल आणि पातळही होईल. प्रायमरची गरज नाही. रबरही नको. आहे त्या पत्र्यावरच डांबरी काळं मार, चांगले दोन जाड हात. पहिला हात अर्धवट ओला असतानाच दुसरा दे, म्हणजे एकजीव होईल.

तळाला गोल भोकं दिसतील, त्यांना रबरी बुचं असतील. गाडी कारखान्यात रंगात बुडवतात, तेव्हा रंग निथळायला ठेवलेली असतात ती. आता त्यांचं काम संपलं. त्याच डांबराने ती कायमची लिंपून टाक. वर लोकरीचा जाडजूड नमदा अंथर आणि त्यावर गालिचा. नमदा ओल शोषून घेतो.

रंगवाल्याचं ऐकू नकोस.

तुझी,
डावीकडची

१२ मार्च

आत्या,

आज एक काम केलंय, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि मला तुझ्याशिवाय आहे कोण?

चिमीने गाडीच्या तळाला काय लावायचं ते विचारलं होतं. मी तिला सगळं उलटं लिहिलं. गंजावर डांबर फासलं की ओल आत कोंडते, पाणी जायची भोकं बुजवली की ते तिथेच साचतं, आणि वरचा नमदा ते धरून ठेवतो. कारखान्यात पट्टी लवकरात लवकर गंजवायची असती तर मी अगदी हेच केलं असतं. पण खाली सही केली आहे 'डावीकडची'.

तुला आठवतं का उलट्या भाषेचं? बाबांनीच काढलं होतं, लांबच्या प्रवासात आमची भांडणं नकोत म्हणून. मागच्या सीटवर डावीकडे बसेल ती जे बोलेल ते सगळं उलट समजायचं. 'मला भूक नाही' म्हणजे भूक लागली. 'बाबा, हळू चालवा' म्हणजे पळवा. गाडी थांबून दार उघडेपर्यंत खेळ चालू. डावीकडे कायम मीच. आमची भाषा होती ती, घरच्या तिघांची.

तर आता तिला आठवत असेल तर ती हसेल, सगळं उलट करेल आणि गाडी सोन्यासारखी होईल. आठवत नसेल तर ती गाडी तिची नाहीच. बाबांचं हगणं-मुतणं मी काढलं, ती सुट्टीला यायची, उशाशी बसून त्यांना हसवायची, आणि चादर बदलायची वेळ झाली की नेमकी तिची बस सुटायची असायची. आणि शेवटी बाबा काय म्हणाले? 'गाडी धाकटीला.' तुला कधी बोलले नाही, आज सांगते. ते म्हणाले तेव्हा डाव्या कुशीवर होते. मी तेव्हापासून हाच विचार करतेय.

तुझी,
थोरली

१९ मार्च

थोरले,

डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?

दादा डाव्या कुशीवर होता, कारण तूच त्याला डाव्या कुशीवर वळवून ठेवलं होतंस. उजव्या बाजूला जखम झाली होती, मीच मलम लावत होते. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, तो कसले खेळ खेळणार होता? त्याला त्या पोरीला गाडी द्यायची होती, त्याने दिली. तुला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण त्या रागात स्वतःचं घर चिमीवर सोडून भाड्याच्या खोलीत जाऊन बसलीस ती तू, तुला कुणी हाकललं नव्हतं.

आणि चिमीला तो खेळ आठवायचा कसा? किती लहान होती ती! गाडी लागायची तिला, प्रत्येक वळणावर पिशवी तोंडाशी. तिला उलटी आठवत असेल, पण ती पोटातली.

आजच्या आज पत्र टाक आणि चूक झाली म्हणून सांग. नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेन, हे तुला ठाऊक आहे.

आत्या

२ मे

प्रिय ताई,

झालं! अगदी तुझ्या शब्दाप्रमाणे. गंजाला बोटसुद्धा लावलं नाही. दोन जाड हात मारले, पहिला ओला असतानाच दुसरा. भोकं लिंपली, नमदा अंथरला. रंगवाला गाडी बघायला आला आणि असं तोंड केलं जसं काही मी त्याच्या चहात मीठ टाकलं. मी म्हटलं, भाऊ, हा आमच्या घरचा सल्ला आहे, तुम्ही नाक खुपसू नका.

तू खाली 'डावीकडची' लिहिलंस ते वाचलं आणि दुकानात सगळ्यांदेखत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी! तू डावीकडे, मी उजवीकडे, मध्ये पाण्याची बाटली. मला मळमळायला लागलं की तू रुमाल भिजवून माझ्या कपाळावर ठेवायचीस आणि सगळा रस्ता हाताने दाबून धरायचीस. तुझा हात दुखत नसेल का गं? मला ना त्या गाडीतलं दुसरं काहीच आठवत नाही, तो गार रुमाल तेवढा आठवतो.

आता एक गुपित. सांगायचं नव्हतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही (तेव्हाही राहत नव्हतं!). ही सगळी उठाठेव तुझ्यासाठी आहे. इंजिन मिस्त्रीकडे आहे, तो आज देतो उद्या देतो करतोय, वर्षभर तरी जाईल. पण गाडी रस्त्यावर आली की पहिली फेरी तुझ्याकडे. तुला घेऊनच यायचं. वरची खोली मी तुला देणार आहे, रंगवून, पडदे शिवून. नाही म्हणायचं नाही. आम्ही दोघं घरात नुसते एकमेकांची तोंडं बघत असतो.

तुझी,
चिमी

९ मे

आत्या,

चिमीचं पत्र आलं. तिला सीट आठवली, रुमाल आठवला, भाषा आठवली नाही. अर्ध्या उत्तराला मी मार्क देत नाही.

तू म्हणशील, आता तरी सांग. सांगायला काय, 'सगळं खरवडून काढ' एवढी एक ओळ पुरे. ती लिहिलीही होती. मग तिचं पत्र पुन्हा वाचलं. 'वरची खोली मी तुला देणार आहे.' देणार! घर दोघींचं, बाबांची पथ्याची भांडी त्या घरात मी घासली, आणि ही मला माझ्याच घरातली खोली देणार, पडदे लावून. कागद फाडून टाकला.

गाडी अजून उभीच आहे. सांगायला वेळ पुष्कळ आहे. तू मध्ये पडू नकोस, तुला माझी शपथ.

थोरली

२० सप्टेंबर

चिमे,

गाडी सुरू झाल्याचं कळलं. मिस्त्रीने शेवटी दीड वर्ष खाल्लं तर.

इथला घरमालक इमारत पाडून नवी बांधणार आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मला खोली सोडायची आहे. या वयात नवीन जागा शोधत वणवण करायची माझ्यात ताकद नाही, आणि एकट्या बाईला कुणी देतही नाही. वरच्या खोलीचं तू एकदा लिहिलं होतंस. अजून मनात असेल तर कळव.

मात्र मला न्यायला गाडी आणू नकोस. मी बसने येईन. मला आता गाडीचा प्रवास सोसत नाही, तूही उगाच लांबवर काढू नकोस ती. गावातल्या गावातही फार फिरवू नकोस. जुनी आहे.

ताई

८ ऑक्टोबर

थोरले,

बसून वाच.

चिमी परवा तुला आणायला निघाली होती. तू नको म्हणालीस ते तिने मला वाचून दाखवलं. म्हणाली, 'बघ ना आत्या, ताईचं भिडस्तपण. तिला वाटतं आपल्याला त्रास नको. तिला तिच्या जागेवर बसवूनच आणते.' मागच्या सीटवर डावीकडे उशी ठेवली होती तुझ्यासाठी, गाडीच्या कव्हराच्याच कापडाची. मी बघत उभी होते. तुझी शपथ पाळत गप्प उभी होते, देव मला बघून घेवो.

गल्लीच्या तोंडाशी उतार आहे. तिथे तिने ब्रेक जोरात दाबला आणि दुसऱ्या पायाची टाच खाली गेली. गालिचा, नमदा, पत्रा सगळं घेऊन खाली. गाडी चालूच होती. पाय पत्र्याच्या कडेत आणि खाली रस्ता. गाडी विजेच्या खांबाला जाऊन टेकली तेव्हा थांबली. लोकांनी नमदा उपसला तर त्यातून धुणं पिळावं तसं पाणी निघालं. पत्रा हाताने मोडत होता, पापडासारखा.

टाचेमागची शीर तुटली आहे. डॉक्टर म्हणतात, पाय राहील, पण पाऊल पूर्वीसारखं वळणार नाही. म्हणजे शिलाई मशीनचं पायडल संपलं.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? 'आत्या, ताईला इतक्यात कळवू नकोस. तिला वाटेल तिचाच सल्ला चुकला, आणि ती स्वतःला खात बसेल.'

मी तिला काहीही सांगितलेलं नाही. ते काम तुझं आहे. तू केलं नाहीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

आत्या

१५ ऑक्टोबर

चिमे,

सल्ला चुकला नाही. मी जाणूनबुजून चुकीचा दिला.

तू मला बाबांच्या गाडीबद्दल विचारलंस आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी सगळं उलट लिहिलं आणि खाली 'डावीकडची' अशी सही केली. तुला तो खेळ आठवायला हवा होता. डावीकडची जे बोलेल ते उलट समजायचं, गाडी थांबून दार उघडेपर्यंत. घरी आपण त्याला उलटी भाषा म्हणायचो. मी खोटं बोलले असं मी अजून मानत नाही. मी तुला खरं सांगितलं होतं, फक्त आपल्या भाषेत सांगितलं होतं. तुला आठवलं नाही, तुला रुमाल आठवला. त्यानंतर मी सरळ भाषेत सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. दीड वर्ष सांगितलं नाही. तेवढा माझा गुन्हा.

बाबांनी गाडी तुला दिली तेव्हा ते डाव्या कुशीवर होते. मला वाटायचं, तेही खेळत असतील. त्यांनी माझ्या हातचं शेवटचं पाणी प्यायलं आणि नाव तुझं घेतलं, हे मला सोसत नव्हतं. आजही सोसत नाही.

तुला हे वाचून माझं तोंड बघावंसं वाटणार नाही. तरी विचारते, कारण माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. महिनाअखेरीला खोली सोडायची आहे. अर्धं सामान बांधून झालं आहे. मला येऊ दे. स्वयंपाक करीन, तुझं सगळं करीन, मला लोकांचं करायची सवय आहे. तुझ्या मशीनचं पायडल मी दाबीन, तू नुसतं कापड धर.

हो की नाही एवढंच लिही. तू म्हणशील ते मुकाट्याने मान्य करीन.

ताई
(आज कुठल्याच बाजूची नाही.)

२७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं. वाचून फार बरं वाटलं, मनावरचं ओझं उतरलं. तुझ्याबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही.

पाय अगदी छान आहे. परवापासून दुकानात जायला लागले. पायडल पूर्वीसारखं मारते, जिना दिवसातून दहादा चढते-उतरते, काठी कधीच फेकून दिली. रात्री शांत झोप लागते. डोळे मिटले की खालचा रस्ता पळताना दिसतो वगैरे काहीसुद्धा होत नाही.

तू जाणूनबुजून केलंस यावर माझा विश्वासच बसत नाही. माझी ताई असं कधी करणार नाही.

बाबांचंही तू म्हणतेस तेच खरं असणार. ते डाव्या कुशीवर होते, त्यांना गाडी तुलाच द्यायची होती. तू त्यांच्यासाठी जे केलंस ते मायेपोटी केलंस, मोबदल्याची आशा धरून नाही, हे त्यांना कळत होतं. तू खोलीबाहेर गेलीस की ते तुझंच कौतुक करायचे. तुझी त्यांना भीती वाटते, असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत.

वरची खोली तशीच ठेवली आहे, तुझी वाट बघत. कुणालाही भाड्याने दिलेली नाही. पडदे लावले आहेत, खिडकीपाशी तुझी खुर्ची आहे. आमचे हेसुद्धा रोज विचारतात, ताई कधी येणार? आणि आत्या तर तुझ्या नावाने रोज गोड काहीतरी करते.

गाडी शेडमध्ये उभी आहे. भंगारवाल्याला द्यायचा विचारही मनात आला नाही. तुझी उशी अजून मागच्या सीटवर डावीकडेच आहे.

तो खेळ मात्र मला अजूनही आठवत नाही बघ. खूप आठवून पाहिलं, पलंगावर पडल्या पडल्या दुसरं काम काय होतं? आणि आता तुझा तो गार रुमालही आठवेनासा झालाय.

तेव्हा सामान बांध आणि निघून ये. कधीही ये, कळवायचीही गरज नाही. तू येशील तेव्हा दार उघडं असेल.

तुझी,
डावीकडची